हवामान 'निधी' की हवामान 'वित्त'?

शेवंती१२:
मंडळी, मदत हवीय आणि जरा घाईत. ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. राष्ट्रीय आरोग्य धोरण, हवामान बदल, त्यासाठी पैसा कुठून येतो असा सगळा मजकूर आहे. क्लायमेट फायनान्सला मी 'हवामान निधी' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे खोडून 'हवामान वित्त' केलं. मी मान्य केलं. मग मागच्या आठवड्यात एका गावात कच्चा मजकूर वाचून दाखवला तर एक सदस्य ताई म्हणाल्या, "हे आमच्या पंधराव्या वित्तातलंच ना? त्याची तर पाइपलाइन टाकून झाली." त्यांचं बरोबरच आहे, गावात वित्त म्हणजे पंधरावा वित्त आयोग, दुसरं काहीच नाही. आणि त्याच आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आरोग्याकरता स्थानिक संस्थांना ७०,०५१ कोटी रुपये सुचवले होते, तो परिच्छेद आमच्या पुस्तिकेत अगदी आदल्या पानावर आहे, म्हणजे घोळ अजून वाढणार. काय लिहू? शनिवारी छापायला जातंय.

गोदाकाठ:
वित्तच बरोबर. निधी हा नि + धा वरून, म्हणजे ठेवलेलं, साठवलेलं. एका जागी जमा केलेला पैसा. 'हरित हवामान निधी'ला (ग्रीन क्लायमेट फंड, विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय फंड) निधी म्हणतात ते योग्य कारण तिथे खरंच एक पेटी आहे. फायनान्समध्ये कर्ज, अनुदान, हमी, खाजगी गुंतवणूक सगळं येतं. वित्त विद् धातूवरून, 'मिळालेलं', कुठूनही मिळालेलं. पारिभाषिक शब्द लोकांना कळत नाही म्हणून बदलायचा नसतो, समजावून सांगायचा असतो.

कापूसवेचणी:
व्युत्पत्ती ठीक आहे हो, पण गावात माणूस धातू आठवून शब्द ऐकत नाही. आमच्याकडे निधी आला म्हणजे तो परत करायचा नसतो. आमदार निधीतून सभामंडप झाला तर त्याचा हप्ता कोणी भरत नाही. म्हणून 'निधी'ला माझा विरोध आहे पण कारण वेगळं. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू म्हणून सांगितलं, २०२४ ला बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरलं आणि भारताने तिथल्या तिथे हरकत घेतली. या आकड्यांत कर्जंसुद्धा धरतात! 'हवामान निधी ३०० अब्ज' असं छापलं की वाचणाऱ्याला वाटणार तेवढे पैसे देऊन टाकले. दिलेलं आणि उसनं दिलेलं यात फरक आहे की नाही?

गोदाकाठ:
म्हणजे माझंच म्हणणं झालं.

कापूसवेचणी:
नाही झालं. वित्त म्हटल्यावर त्यात कर्ज आहे हे तरी कुठे कळतं. 'वित्तपुरवठा' लिहा. सोसायटीचा पतपुरवठा माहीत असतो, त्यावरून बरोबर समजतं की हा पैसा फेडायचाही असू शकतो.

भाकरतुकडा:
माझ्या मामांचं सांगतो, जालना जिल्ह्यात शेती आहे. पोकरातून (राज्य शासनाचा हवामान अनुकूल शेतीचा प्रकल्प) ठिबक घेतलं. आधी स्वतःच्या खिशातून दुकानदाराचे पैसे दिले, बिल चढवलं, मग कृषी सहायक येऊन नळ्या मोजून मामांना शेतात उभं करून फोटो काढून गेले आणि बऱ्याच दिवसांनी खात्यावर रक्कम आली. मामांसाठी ते अनुदान. पण पोकरा उभा आहे जागतिक बँकेच्या कर्जावर, २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर मंजूर झाले. एकच पैसा, मुंबईत कर्ज आणि मामांच्या पासबुकात अनुदान. मग एक शब्द दोन्हीकडे कसा चालेल? शेवंतीताई, तुम्ही त्या त्या ठिकाणी सरळ कर्ज किंवा अनुदान लिहा ना.

शेवंती१२:
हे पटतंय, पण प्रकरणाचं नावच 'क्लायमेट फायनान्स' आहे. मथळ्याला काय देऊ?

रानजाई:
पोकराचा विषय निघालाय तर मला त्यातलं 'हवामान अनुकूल शेती' कायम खटकतं. आपण अनुकूल हवामान म्हणजे चांगलं हवामान म्हणतो. माझ्या आत्याने फलक वाचून विचारलं होतं, "हवामान अनुकूल असतं तर योजना कशाला लागली असती गं?" मला उत्तर देता आलं नाही. 'तग धरणारी शेती' का नाही म्हणत?

गोदाकाठ:
तग बोलीत ठीक, शासननिर्णयात शोभत नाही. शिवाय अनुकूलन हा शब्द जीवशास्त्रात रुळलेला आहे.

रानजाई:
शोभत नाही म्हणजे काय? दोन पाऊस चुकले तरी ज्वारी तगली असं म्हणतोच आपण. शासननिर्णय ज्यांच्यासाठी आहे त्यांचाच शब्द आहे तो.

कापूसवेचणी:
रानजाईंशी सहमत. आमच्याकडे मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कपाशीला 'चोर बीटी' म्हणतात. कुठल्या समितीने नाही बनवला हा शब्द, पण बियाण्याची अख्खी कायदेशीर स्थिती दोन शब्दांत आली. 'जनुकीय सुधारित' म्हटलं की मात्र सुधारलं की बिघडलं यावरूनच भांडण सुरू.

तिवर:
सिंधुदुर्गातून. इथे त्या हरित हवामान निधीचा प्रकल्प आहे, खेकडेपालन वगैरे, त्याला अनुदान मिळालंय, कर्ज नाही. पण मला दुसरंच विचारायचं आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यातल्या झाडांना सगळ्या पाट्यांवर 'कांदळवन' लिहितात. आमच्या खाडीला पाण्याच्या बाजूला चिपी आहे, आत तिवर. कांदळ म्हणजे कमानीसारखी मुळं काढणारं एकच झाड, बाकीच्यांना त्याचं नाव कसं?

भाकरतुकडा:
आम्हाला शाळेत खारफुटी शिकवलं होतं. ते चूक का?

गोदाकाठ:
खारफुटी उत्तम शब्द, अर्थ लगेच कळतो. कांदळवन सरकारी.

तिवर:
सरकारी नाही हो, कांदळ आमच्याकडचाच शब्द आहे. आजी कांदळाच्या साली उकळून त्यात जाळी बुडवायची, लालसर रंग चढायचा आणि जाळं लवकर कुजायचं नाही. खारफुटी मात्र तिच्या तोंडून कधीच ऐकला नाही.

रानजाई:
सालीचा काढा! याला तुमच्याकडे काही वेगळा शब्द होता का? आमच्या कोळी शेजाऱ्यांकडे जाळ्याला रंग देण्याबद्दल बोलायचे पण शब्द आठवत नाहीये, आईला विचारून सांगते.