मदत हवी आहे: दुपारची जादा सोलर वीज कोयनेत साठवता येईल का?

नमस्कार मंडळी, मुलगा अकरावीला आहे, त्याला प्रोजेक्टला सोलर-पवन वीज वाढली की ग्रिड कसं सांभाळतात हा विषय मिळालाय आणि आम्ही दोघं आठवडाभर एकाच जागी अडकलोय. आम्ही मूळचे पाटणकडचे. गावचा शेतीचा फीडर सोलरवर गेल्यापासून भावाला रात्री-अपरात्री पाणी द्यायला जावं लागत नाही, दिवसा थ्री फेज मिळते, त्यामुळे हे टिकावं असं मनापासून वाटतं.

आम्हाला समजलं ते एवढं, की वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते, नाहीतर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते. दुपारी सोलर भरपूर म्हणून कोळशाचे संच खाली आणतात पण तेही क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांपर्यंतच, २०२३ च्या नियमांत ते टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली न्यायचं ठरलंय. आणि सूर्य मावळला की नेमका तेव्हाच घराघरातला लोड वाढतो.

आता प्रश्न. कोयना १९६० मेगावॉटची, पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. मग दुपारच्या जादा विजेवर तेच पाणी परत वर का चढवत नाहीत? घाटघरच्या जलविद्युत केंद्रात १२५-१२५ मेगावॉटचे दोन संच हेच करतात ना?

प्रतिसाद:
घाटघरचे संच उलटे फिरून पंप होतात, कोयनेचे तसे नाहीत. कोयनेची वीजघरं टप्प्यांत आहेत: चौथ्या टप्प्याचं पाणी खाली कोळकेवाडी धरणात उतरतं, त्यावर तिसरा टप्पा चालतो, मग ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला. पण दादा, चढवायची गरज तरी कुठे आहे? पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) वळवता येतं, म्हणजे पाणी मोजकंच. दुपारी सोलर असताना संच बंद ठेवले तर तेच पाणी संध्याकाळी वापरता येतं. हीच साठवण, आणि पंपिंगमध्ये शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात तो तोटाही नाही. मुलाला हे नक्की लिहायला सांगा.

धागाकर्ता:
खूप आभार, डोक्यात प्रकाश पडला! पण मग अजून एक. आमच्याकडे वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पावसाळ्यातच जोरात फिरतात, तेव्हा शेतीचे पंप बंद आणि धरणही भरत आलेलं. अशा वेळी आधी कोण थांबतं, कोळसा की पवनचक्की? कुणी लोड डिस्पॅचला (कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणारं केंद्र) काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, सोमवारी सबमिशन आहे.