अनुभव धागा: सिंधुदुर्ग किल्ला तुम्ही कसा पाहिलात?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो होतो. होडीवाल्याने तासाभरात परत या म्हणून सांगितलं आणि कुरटे बेटावरचा तो ४८ एकरांचा किल्ला आम्ही अक्षरशः पळत पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातला, तीन वर्षं राबून उभा केला, आणि आम्ही दिला एक तास. मनाला फार लागलं. फेब्रुवारीत पुन्हा जातोय. ज्यांनी निवांत पाहिलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

*

आम्ही सकाळच्या पहिल्या होडीने गेलो, वडिलांना घेऊन. त्यांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. होडी अगदी तटाला भिडली तरी दरवाजा दिसेना. बुरुजांच्या मधून वाट वळली तेव्हा कुठे तो समोर आला. बाबा तिथेच थांबले, सांध्यांवरून हात फिरवत राहिले. आत गेल्यावर छोट्या घुमटीत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात, चुन्यात उमटलेला. बाबा म्हणाले, "चुना ओला असतो तेवढ्यातच ठसा उठतो. म्हणजे काम चाललं होतं तेव्हा राजा इथं उभा होता." त्यानंतर किती तरी वेळ ते काही बोललेच नाहीत. आता बाबा नाहीत. किल्ला म्हटलं की मला तो ठसा आणि त्यांचा चुन्याने फाटलेला तळवा, दोन्ही एकदम आठवतात.

*

विहिरी चुकवू नका! दूधबाव, दहीबाव, साखरबाव. एप्रिलच्या उन्हात गेलो होतो, चहूकडे खारं पाणी आणि यांचं पाणी गोड. किल्ल्यावर अजून काही घरं नांदती आहेत. त्यातल्या एका काकूंनी कोकम सरबत दिलं, त्याच विहिरीच्या पाण्याचं.

*

शिवराजेश्वर मंदिरात घाई करू नये ही विनंती. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ. आतली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढी नसलेली, नावाड्याच्या वेशातली. माझी सासू कोळीवाड्यात वाढलेली. मूर्ती बघून म्हणाली, "हे तर आमच्यातलेच दिसतात गं." तिने ओटी भरायला आणलेला नारळ तिथेच ठेवला.

*

मी मालवणचाच. दोन गोष्टी कोणीच लिहिल्या नाहीत. होडीत बसण्याआधी किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघा. गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत त्यावर. किल्ल्याचं काम सुरू करताना पूजा झाली ती तिथं. दुसरं म्हणजे पद्मगड, शेजारचाच छोटा किल्ला. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत जाता येतं, पण भरती कधी लागते ते ठाऊक हवं. दगडांवर शेवाळ असतं, चपला पायात राहू द्या. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा फेब्रुवारी उत्तम. ओहोटीची वेळ मोबाइलवर बघत बसण्यापेक्षा दांडीवर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या कुणालाही विचारा, "सुकती कधी?" बरोबर सांगतील.