मदत हवी आहे: लंडनजवळ राहणारं कुणी रनीमीडला जाऊ शकेल का?

नमस्कार मंडळी. मी कॅल्गरीत असतो. आमच्या शेजारच्या आजींचे काका दुसऱ्या महायुद्धात हॅलिफॅक्स बॉम्बर विमानात मागचे तोफची होते. १९४४ साली विमान परतलंच नाही. सातही जण गेले, काकांचा देहही सापडला नाही.

इथून तासाभरावरच्या नॅन्टन गावात बॉम्बर कमांडमध्ये (ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकी विमानांचा विभाग) मेलेल्या कॅनेडियनांची ग्रॅनाइटची भिंत आहे, दहा हजारांहून जास्त नावांची. तिथं आजी दरवर्षी जातात. पण राष्ट्रकुल देशांच्या हवाई दलांतल्या ज्यांना थडगं नाही त्यांची नावं इंग्लंडमध्ये, एगमजवळच्या रनीमीड स्मारकात कोरली आहेत. वीस हजारांवर, आणि त्यात काकाही. आजी आता एवढ्या लांब जाऊ शकत नाहीत. त्यांना त्या नावाचा फोटो हवाय.

नावं अरुंद खिडक्यांच्या बाजूच्या दगडावर आहेत, त्यामुळे फोटो तिरका येतो असं दिसतं. कुणी काढला असेल तर उजेड कधी बरा असतो ते सांगा. पॅनेलचा नंबर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) साइटवर मिळाला आहे, व्यक्तिगत संदेशात देतो.

दुसरं, लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या (‘एअर २७’ या क्रमांकाची मालिका) कुणी चाळल्या आहेत का? बाकीच्या सहा जणांची नावं त्या रात्रीच्या पानावर मिळतील असं वाटतं. त्यांच्यातल्या कुणाचे नातेवाईक सापडले तर आजींना फार आवडेल. येण्याजाण्याचा खर्च अर्थातच मी देईन. ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या, आधी जमलं तर उत्तम.