'ऊठ, बस' : दगडावर दोन्ही शब्द कोरायचे का?

टाकीवाला :

मंडळी, एक अडचण आहे, जरा लवकर सांगा. दगड उभा आहे, खडूने अक्षरं आखून झाली आहेत, आणि एकदा छिन्नी लागली की माझ्या हातात काही राहत नाही.

मी नाशिकचा. आजोबा 'टाकीऽऽ' अशी आरोळी देत गल्लोगल्ली फिरायचे, जात्या-पाट्यांना टाकी लावून द्यायचे. वडिलांनी उंबरे, पायऱ्या, तुळशीवृंदावनं केली. मी घरांच्या पाट्या, कोनशिला आणि ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांचे दगड करतो. शरणपूर आणि नाशिकरोड, दोन्हीकडचं काम येतं. बायबल मी वाचलेलं नाही, पण पंचवीस वर्षांत त्यातली वीस-तीस वचनं कोरून कोरून पाठ झाली आहेत. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' तर मी न बघता आखतो.

या वेळची चिठ्ठी वेगळी आहे. तिच्यावर लिहिलंय : 'अंगची धूळ झटकून टाक, ऊठ, यरुशलेमे, बस.' खाली, यशया ५२:२, म्हणजे बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा बावन्नावा अध्याय, दुसरी ओळ.

दगड गिऱ्हाइकांच्या आईचा आहे. धाकटी मुलगी म्हणते, 'बस' काढा, तिथं येणारी पोरं उठाबशा म्हणून हसतील. भावाचा पुण्याहून फोन येतो, शास्त्रातला शब्द गाळायचा नाही म्हणजे नाही. थोरली बहीण काहीच बोलत नाही, दोन्ही वेळा नुसती दगडाकडे बघत उभी होती.

त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. मला अर्थ कळत नाही. एखाद्याला 'ऊठ' म्हणायचं आणि त्याच दमात 'बस' कशाला म्हणायचं? बायको म्हणाली, अहो, धूळच ना ती, झटकली की उडते आणि फिरून तिथंच बसते, तसं काही असेल. तिला अनुभव आहे. मी रोज संध्याकाळी दाराबाहेर कपडे झटकतो, आणि तरी फडताळातल्या ताटांवर बसलेली माझी धूळ ती पुसत असते. पण शास्त्रात इतकं घरगुती काही असेल असं वाटत नाही.

आणि हो, मी अक्षरावर पैसे घेतो. 'बस' गाळलं तर माझाच तोटा आहे, तेव्हा त्या बाजूने शंका नको.

गोदाकाठ :

दोन अक्षरांचे पैसे मी देतो, कोरून टाका. नाहीतर 'बस'च्या पुढे 'झालं' कोरा, अर्थही लागेल.

टाकीवाला :

दादा, गेलेल्या माणसाच्या दगडावर चेष्टा नको.

शरणपूरचा मास्तर :

टाकीवाले, तुमच्या सौभाग्यवतींनी अर्धं उत्तर दिलं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी निवृत्त शिक्षक. तरुणपणी दोन वर्षं हिब्रू शिकलो होतो, त्यातलं जे उरलंय त्याच्या बळावर लिहितो.

मूळ शब्द आहेत 'कूमी, श्वी'. दोन्ही आज्ञा बाईला केलेल्या, कारण हिब्रूत शहर स्त्रीलिंगी. म्हणजे यरुशलेम ही इथं भुईवर बसलेली एक बाई आहे. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, सैन्याने ते शहर पाडलं, मंदिर जाळलं आणि माणसं धरून नेली. त्या लोकांत दुःख झालं की माणूस खाली जमिनीवर बसायचा आणि डोक्यात धूळ घालून घ्यायचा. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा त्यांनी हेच केलं, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले, अवाक्षर न काढता. (पुढे बोलायला लागले आणि तिथंच सगळं बिघडलं.)

आता त्याच पुस्तकात पाच अध्याय मागे जा. ४७:१ मध्ये बाबेल नगरीला सुनावलंय : खाली उतर, धुळीत बस, सिंहासन गेलं, भुईवर बस. दोन्ही वेळा शब्द तोच, 'श्वी'. आणि टाकीवाले, पुढचीच ओळ तुमच्या घरची आहे. तिला सांगितलंय, जातं घे आणि पीठ दळ, बुरखा काढ. कालपर्यंतच्या राणीला जात्यावर बसवलं! तुमच्या आजोबांनी टाकी लावलेलं एखादं जातं डोळ्यांपुढे आणा म्हणजे तो अपमान कळेल.

५२ व्या अध्यायात हेच चित्र उलटं होतं. बाबेलचा बुरखा उतरला होता, यरुशलेमेला सुंदर वस्त्रं नेस म्हटलंय. ती धुळीत गेली, हिला धूळ झटक म्हटलंय. तिचं सिंहासन गेलं, हिला म्हटलंय, ऊठ आणि बस. कुठे बस ते लिहिलेलं नाही, पण बाबेलच्या खालून गेलेलं आसन ऐकणाऱ्याच्या कानात अजून असतं. म्हणून काही भाषांतरांत 'सिंहासनावर' असा शब्द पदरचा घातलेला सापडतो. मराठीत तर तेवढीही गरज नाही. 'महाराज बसले' म्हटलं की आपल्याला गादी दिसते, सतरंजी दिसत नाही.

धुळीतून उठवणं म्हणजे राज्य देणं, ही त्यांची बोलायची रीतच होती. राजांच्या पहिल्या पुस्तकात बाशा राजाला ऐकवलंय की मी तुला धुळीतून वर काढून माझ्या लोकांचा अधिपती केलं, आणि तू हे काय चालवलंस! त्याआधी शमुवेलाची आई हन्ना गाते : तो दीनाला धुळीतून उठवतो, दरिद्र्याला उकिरड्यावरून वर काढतो आणि सरदारांच्या पंगतीला बसवतो. बघा, तिथंही आधी उठवणं, मग बसवणं. नुसतं उठून उभं राहणं हे अर्धंच काम. उभा तर चाकरही असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'श्वी' या अक्षरांचा दुसरा अर्थ बंदिवास, आणि त्याच ओळीत पुढे बंदिवान कन्या येतेच. त्यामुळे काही भाषांतरकार 'ऊठ, बंदिवान यरुशलेमे' असं लावतात, आणि मग 'बस' नाहीसं होतं. म्हणजे धाकट्या बहिणीलाही आधार आहे. मला ते पटत नाही, कारण ४७ व्या अध्यायाशी घातलेली गाठ सुटते. पण चूक म्हणता येणार नाही.

बाळयेशूपरिसर :

मास्तर, विद्वत्ता मान्य. पण ते वचन शहराला आहे, मेलेल्या बाईला नाही. कबरेवर लावायचंच तर त्याच यशयाचं २६:१९ आहे, धुळीत वस्ती करणाऱ्यांनो जागे व्हा आणि गा. किंवा दानीएल १२:२, भूमीच्या धुळीत निजलेले उठतील. तिथं धूळ म्हणजे खरी कबरेची माती. दुःखात डोक्यावर घातलेली धूळ वेगळी आणि ही वेगळी.

आमच्याकडे राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' असं म्हणतात. ती राख कशाची, तर आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या जाळून केलेली. जयजयकाराची राख! लहानपणी मला वाटायचं दिवसभर ती पुसायची नाही. शाळेत पोरं विचारायची, धुळवड अजून लांब आहे ना रे?

टाकीवाले, 'कूमी' वरून आठवलं. याइराची मुलगी मेली तेव्हा येशूने तिचा हात धरून म्हटलेले शब्द मार्काने मूळ अरामीतच ठेवलेत : तालिथा कूम. मुली, ऊठ. धातू तोच. कुटुंबाला विचारून बघा, दगडाला हे दोन शब्द पुरतात.

शरणपूरचा मास्तर :

पुरतात खरे, पण वचन गिऱ्हाइकाने निवडलंय, आपण नाही. आणि शहर की माणूस हा भेद तुम्ही म्हणता तितका कडक नाही. माणूस मातीचा केला हे उत्पत्तीतच आहे, 'आदामा' म्हणजे भूमी आणि तिच्यातून 'आदाम'. मातीचा माणूस, मातीत बसलेलं शहर, मातीत निजलेले मेलेले, एकाच 'आफार', म्हणजे धूळ, या शब्दावर तिघांचं चाललंय. लोकांनी एकाचं वचन दुसऱ्याला लावलं तर त्यात नवल नाही.

विषय निघालाच आहे म्हणून, आमच्या शरणपूरच्या एका कोरणाऱ्याबद्दल. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथल्या मिशनमध्ये शिकवत असत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्याबरोबर होता. १८७३ साली, आज झांबियात असलेल्या एका गावी लिव्हिंग्स्टन वारले. बरोबरच्या लोकांनी त्यांचं काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून समुद्रापर्यंत वाहून नेला. दफनाची प्रार्थना वाचली वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. अक्षरं तो नाशिकला शिकला. टाकीवाले, तुमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगितलं, वचनाशी याचा संबंध नाही.

जुनी पंचवटी :

मी संस्कृत शिकवत असे. बायबलबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण 'धुळीतली बाई' वाचल्यावर राहवेना.

आमच्या पंचवटीत कुणालाही विचारा, अहल्या म्हणजे शिळा, आणि रामाची पायधूळ लागून ती उठली. वाल्मीकींच्या बालकांडात शिळा नाहीच. तिथं गौतमांचा शाप असा की तू वारा खाऊन, निराहार, 'भस्मशायिनी' होऊन राहशील, म्हणजे राखेत पडून, आणि कुणाच्या नजरेस पडणार नाहीस. हे मिथिलेजवळच्या आश्रमात. (गौतम तेच, ज्यांच्यामुळे त्र्यंबकला गोदावरी आली असं आपण मानतो.) राम आत येतो आणि ती पुन्हा दिसू लागते. आणि पायधुळीचं म्हणाल तर वाल्मीकींत राम-लक्ष्मणच तिच्या पायांना हात लावतात.

शिळेची गोष्ट नंतरच्या रामकथांनी लाडकी केली, आणि चित्रात ती छान दिसते हे खरं. पण शिळेला निदान लोक वळसा घालून जातात. राखेत निजलेली बाई घरात असूनही कुणाला दिसत नाही, हे मला जास्त खरं वाटतं.

गोदाकाठ :

ताई, हे माहीत नव्हतं. टाकीवाले दादा, मघाचं मनावर घेऊ नका. काय ठरलं?

टाकीवाला :

ठरलं. काल थोरली बहीण एकटीच दुकानात आली. मी तिला मास्तरांचं सगळं वाचून दाखवलं, बाबेल, जातं, सिंहासन, सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, सिंहासनाचं भावाला सांगा, त्याला आवडेल. आई तीन वर्षं अंथरुणावर होती. रोज सकाळी तिच्या काखेत हात घालून मी म्हणायचे, ऊठ आई, बस. पाठीशी उशी लावली की दहा मिनिटं ती खिडकीतून बाहेर बघायची. ते वचन बायबलात आहे हे मला एका रविवारी चर्चमध्ये वाचन चालू असताना कळलं. चिठ्ठी माझीच आहे.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? म्हणाली, ते दोघं बोलत होते ना.

'बस' राहतंय. धाकटीलाही पटलं, पण तिचं आता म्हणणं की 'ऊठ' एका ओळीच्या शेवटी आणि 'बस' दुसऱ्या ओळीच्या शेवटी हवं, जवळजवळ नको. म्हणजे 'यरुशलेमे' मधे ताणावं लागतंय आणि माझी सगळी आखणी पुसावी लागली. ग्रॅनाइट काळा आहे, त्यात 'ठ'च्या गोलाचा आतून टवका उडतो. आपल्या इकडच्या काळ्या दगडात असं होत नाही. म्हणून आधी एका फुटक्या लादीवर चार 'ठ' करून बघतोय. दोन जमलेत.

मास्तर, त्या वेनराइटने झाडावर कशाने कोरलं असेल हो? ओल्या खोडाला छिन्नी चालत नाही, चाकूच असणार.

जुनी पंचवटी ताई, तुमची अहल्या मी जेवताना बायकोला सांगितली. ती विचारते, एवढी वर्षं राखेत पडलेल्या बाईने उठल्यावर पहिल्यांदा काय केलं?

जुनी पंचवटी :

पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं. वाल्मीकींनी तसंच लिहिलंय.

टाकीवाला :

सांगितलं. म्हणाली, वाटलंच होतं.