तोरणमाळ, दोन दिवस, घरची गाडी: माहितगारांनी इथे लिहा

शहादेकर
काल पहिला दमदार पाऊस झाला आणि आज गच्चीवरून सातपुड्याची रेघ धुतल्यासारखी स्वच्छ दिसली. तोरणमाळ, सातपुड्यातलं आपलं थंड हवेचं ठिकाण, आठवलंच. हे दिवस आले की जो तो विचारतो, जायचं कसं, एका दिवसात होईल का. म्हणून एकदाच इथे लिहून ठेवू. ज्यांना रस्ता, घाट, गाडी माहीत आहे त्यांनी भर घाला.

एका दिवसात करू नका. कारण धुकं. पावसाळ्यात सीताखाई, म्हणजे तिथली खोल दरी, कधी भरून जाईल आणि कधी मोकळी होईल याचा नेम नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला बरेचदा कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा दिसतो. मुक्काम केला की एक संध्याकाळ आणि एक सकाळ, अशा दोन संधी मिळतात.

धुळ्याहून: दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडायची, शहादा. साधारण ९५ किमी.
जळगावहून: चोपडा, शिरपूर, शहादा. चोपड्यापासून सातपुडा उजव्या हाताला सोबत चालतो. चार तास धरा.
नंदुरबारहून: प्रकाशामार्गे. तापी-गोमाईचा संगम आणि केदारेश्वराचं मंदिर वाटेतच आहे, अर्धा तास काढा.

शहाद्यात टाकी फुल, हवा चेक, खिशात रोख. वर यूपीआयच्या भरवशावर राहू नका, नेटवर्क येतं-जातं. मग म्हसावद, राणीपूर आणि घाट. शहादा ते तोरणमाळ साधारण ५५ किमी, पण वेळ पावणेदोन-दोन तास. दुपारी दोनच्या आत शहादा सोडलंत तर उजेडात घाट चढून यशवंत तलावावर संध्याकाळ मिळते. दुसऱ्या दिवशी सीताखाई, कमळ तलाव, गोरक्षनाथाचं मंदिर, आणि जेवून दुपारी तीनपर्यंत उतरायला लागा. अंधारात घाट नको, चढताना नको आणि उतरताना तर नकोच.

राहायला पर्यटन महामंडळाचं आणि वनविभागाचं आहे. शनिवार-रविवारचं आधी बुक करूनच निघा.

घाटवाट
घाटाबद्दल नीट लिहितो, कारण गडबड बहुतेक उतरताना होते.

ज्या गेअरमध्ये गाडी चढली त्याच गेअरमध्ये उतरवा. म्हणजे दुसरा, सरळ पट्ट्यात तिसरा. न्यूट्रल कधीच नाही. पेट्रोल वाचतं हा समज कार्बोरेटरच्या काळातला. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गेअरमध्ये ठेवून पाय काढला की इंधन बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं जातं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापतात, करपल्यासारखा वास येतो. तरी दाबत राहिलात तर ब्रेक ऑइल उकळून वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, जुनं झालं की लवकर उकळतं. दोन वर्षं झाली असतील तर निघायच्या आधी बदला, पाच-दहा मिनिटांचं काम नाही, आदल्या दिवशी गॅरेजला द्या.

वास आला की डोंगराच्या बाजूला थांबा, २०-२५ मिनिटं. डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ड्रम तापलेले असतात, चिकटू शकतात. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला गेअर, आणि चाकाला दगड. निघताना तो दगड रस्त्यावरून बाजूला करा! मागून दुचाकीवाला येतो आणि त्याच दगडावर जातो.

ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा.

ऑटोमॅटिकवाल्यांनी डी वर टाकून उतरू नये. मॅन्युअल मोड किंवा एल, जे असेल ते.

चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर फुल. घाम फुटेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघते. तरी उतरत नसेल तर थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

दोंडाईचाची मिरची
चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे पण लिहा ना. हल्ली उतरणारेच डिपर मारतात.

घाटवाट
बरोबर. नियमच आहे तो. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते, म्हणून उतरणाऱ्याने थांबायचं. आणि समोरून एसटी दिसली तर वळणाच्या अलीकडे थांबा, वळणात नाही. तिला वळायला अख्खा रस्ता लागतो. आंधळ्या वळणाआधी हॉर्न. धुक्यात लो बीम, हाय बीम टाकला की प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यात येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही.

बोदवडची ताई
लहान लेकरांना गाडी लागते त्याचं कोणी लिहिलं नाही. शहाद्यात पोटभर मिसळ-भजी खाऊन घाटात जाऊ नका. निघायच्या दीड तास आधी कोरडं काहीतरी, भाकरी-गूळ, खाकरा. उपाशी पण ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. मोबाईल काढून घ्या. मूल खिडकीशी, नजर लांब डोंगरावर. आलेपाक जवळ ठेवा. उलटीची गोळी द्यायची तर घाटाच्या आधी, घाटात दिल्यावर उपयोग नाही, आणि वजनाप्रमाणे किती ते डॉक्टरांना विचारून. कॅरीबॅग दोन-दोन एकात एक घालून पुढच्या सीटमागे.

तापीकाठ
सोबत जेवण काय न्यावं? वर ऐनवेळी मिळेल का?

बोदवडची ताई
मिळतं पण वेळ लागतो, लोक आधी सांगून ठेवतात. पहिल्या दिवसाला दशम्या उत्तम. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी गूळ, चमचाभर तेल, चिमूट मीठ. दूध कोमट पाहिजे. कढत दुधात गूळ टाकला तर फाटतं. पाण्याचा थेंब घालू नका, म्हणजे दोन दिवस टिकतात. पूर्ण गार झाल्यावर फडक्यात गुंडाळून डब्यात. वाफ धरली की चिकट होतात, पावसाळ्यात बुरशी लगेच. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. ओला ठेचा पहिल्या दिवशीच संपवा.

यावलचं केळ
ताई ज्वारीच्या पिठाच्या केल्या तर?

बोदवडची ताई
होतात की. दूध गरम लागेल पीठ चिकटायला, मग गूळ नको, नुसतं मीठ. पातळ थापा. पण गव्हाच्या जास्त मऊ राहतात.

युनिटमीटर
इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी हिशोब. तोरणमाळ सुमारे ११४३ मीटर उंच, खालून चढ हजारेक मीटरचा. माणसं-सामान धरून गाडी १८०० किलो असेल तर नुसती उंची चढायला जवळपास ५ युनिट. ५५ किमीचं नेहमीचं चालणं ८ युनिट. मिळून १३ धरा, पाऊस-वायपर-एसीचं वेगळं. उतरताना पाचातले तीनएक परत येतात. म्हणून शहाद्याहून निघताना बॅटरीत ३० युनिट तरी असू द्या, म्हणजे वर चार्जिंगची गरजच पडणार नाही. आणि वर कुठे प्लग मिळालाच तर १०० टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीला उतारावरची वीज घेता येत नाही, मग सगळा भार ब्रेकवर. ८० ला थांबा.

बागलाणी पावा
भाऊसहो, घाटमा घाई करू नका. तलाव काय पयी जावाव नही.

पपईवाला शहादा
खरं शे भो 🙏
हंगामाचं सांगतो. ऊस सुरू झाला की शहादा परिसरात संध्याकाळनंतर ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. नोव्हेंबर ते मार्चमध्ये परतीचा प्रवास उजेडातच ठेवा. रावेर-सावद्याकडून येणाऱ्यांना केळीचे ट्रक.

तापीकाठ
उन्हाळ्यात गेलं तर? मे मध्ये मुलांना सुट्टी.

युनिटमीटर
हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. खाली ४३ असेल तर वर ३६-३७. रात्र सुखाची, दुपार नाही. धबधबा नसतो, गवत पिवळं. ऑक्टोबर सगळ्यात चांगला: हिरवं टिकून असतं, धुकं कमी, आणि सीताफळं.

शहादेकर
ऑक्टोबरला माझंही मत. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पण धरा, तलाव काठोकाठ असतात. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा असते. दर्शनाला जायचं तर तेव्हाच जा, शांतता हवी तर तो आठवडा सोडा.

एक राहिलं. वाटेत पावरा, भिल्ल मंडळी सीताफळं, आमचूर, चारोळी घेऊन बसतात. तिथे घासाघीस करू नका. आमचुराच्या एका किलोमागे कैऱ्या गोळा करणं, सोलणं, कापणं, कित्येक दिवसांचं वाळवणं आहे. मध्येच पाऊस आला तर काळं पडून सगळं वाया. फोटो विचारून काढा. पाड्यांजवळ वेग २० च्या वर नको, रस्त्यावर लेकरं आणि शेळ्या असतात.

चाळीसगाव लोकल
आम्हाला तोरणमाळ लांब पडतं. आमच्या बाजूने पाटणादेवी घ्या, गौताळा अभयारण्यात. केदारकुंड धबधबा जुलै-ऑगस्ट. दगड शेवाळलेले असतात, रबरी चप्पल नको.

यावलचं केळ
आणि ज्यांना घाटच नको, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचंय, त्यांनी रावेरहून पाल. सुकी नदीचं धरण आहे, चढ सौम्य. परतताना तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव, आणि हिवाळा असेल तर हतनूरच्या पाण्यावर पक्षी. दुर्बीण न्या, सकाळी नऊच्या आत पोचा, ऊन चढलं की पक्षी आत सरकतात.

दोंडाईचाची मिरची
हतनूर म्हणजे ४१ दरवाजेवालं ना. दरवाजे उघडे असताना खालच्या बाजूला नदीपात्रात उतरू नका कोणी, पाणी अचानक वाढतं.

तापीकाठ
पाच माणसं + सामान, लहान हॅचबॅक. टायरला हवा किती? पंपवाला सगळ्यांना ३५ मारतो.

घाटवाट
ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यात दोन आकडे असतात. पूर्ण भाराचा आकडा भरा, मागच्या चाकांना बहुतेक जास्त असतो. हवा गार टायरला मोजायची, दहा-वीस किमी चालवून गेलात तर दोन-तीन जास्तच दाखवतं. घाट आहे म्हणून कमी करू नका. स्टेपनीत हवा, जॅक, पाना तिन्ही बघा. म्हसावदच्या पुढे पंक्चरवाला मिळेलच असं नाही. सामान छतावर बांधू नका, वळणात गाडी झुकते.

तापीकाठ
स्टेपनीत १२ निघाली 😳 बरं झालं विचारलं. ताई, दशम्या किती लागतील पाच जणांना?

बोदवडची ताई
माणशी चार धरा, वीस. आणि पाच जास्तीच्या, लेकरं मध्येच मागतात.