बूट कुठे चावतो? आपापले अनुभव सांगा

माझ्या कपाटात बुटांचे सात जोड आहेत आणि रोज घालण्याजोगा त्यातला एकच. दोन करंगळीला चावतात, एकाची टाच निसटते, एक "घालून घालून सैल होईल" या आशेवर पाच वर्षं पडून आहे. उरलेले दोन का घेतले होते, ते आता आठवतही नाही.

"माझा नंबर आठ" हे मी आजवर रक्तगट सांगावा तसं सांगत आलो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा कागदावर उभं राहून दोन्ही पाय आखले, तर डावा उजव्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर लांब निघाला. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे माझे पाय एकमेकांपासून अर्ध्याहून जास्त नंबराने वेगळे! आणि दुकानात मी कायम उजवाच घालून बघायचो.

तर, तुम्ही बूट कसा निवडता आणि टिकवता कसा? फसलेले प्रयोग आधी लिहा.

———

फसण्यात मी तुमच्या पुढे आहे. चवड्याशी बूट आवळतो म्हणून मी दहा-बारा वर्षं एक नंबर मोठा घेत आले. चवडा सुटायचा, पण टाच चालताना वर-खाली व्हायची. मग टाचेला फोड, मग आत पॅड, मग पॅडमुळे पाय पुढे सरकून अंगठ्याच्या नखाला मार. एकावर एक उपाय आणि मूळ दुखणं तसंच.

शेवटी एका दुकानात ब्रॅनॉकच्या मापपट्टीवर पाय ठेवला. (अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात बनवलेलं हे धातूचं साधन.) ते तीन मापं घेतं: टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत, आणि रुंदी. मधलं माप मला ठाऊकच नव्हतं. पाय चवड्याशी दुमडतो आणि बूटही नेमका तिथेच दुमडायला हवा. लांब बुटात ती घडी पुढे सरकते, मग पाय एकीकडे वाकतो आणि बूट दुसरीकडे. माझी लांबी जुन्याच नंबराची निघाली, फक्त रुंदी दोन घरं पुढची. आता नंबर लहान आणि 'वाइड' घेते. पॅडांचा डबा फेकून दिला.

———

बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. रोजचेच मोजे घालून बघावा. आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभं राहा. पाय कडेबाहेर आला तर तो बूट तिथेच ठेवा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण ती सगळ्यात लांब बोटापुढे. माझं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे, हे कळेपर्यंत त्याचं नख दोनदा काळं पडलं.

———

"घालून सैल होईल"वर माझं मत: चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. रेक्झिन तर बहुधा शेवटपर्यंत आहे तसंच.

———

वडिलांना मधुमेह आहे, म्हणून थोडं वेगळं लिहिते. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालीये. एकदा बुटात बारीक खडा गेला आणि ते दिवसभर त्यावर चालले. संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. आपल्याला बूट चावतो हेही एक सुखच म्हणायचं! आता बूट घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचा आणि रात्री तळपाय तपासायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी "सवय होईल" म्हणत घट्ट बूट चुकूनही घालू नये.

———

जपणुकीबद्दल माझी कर्मकहाणी. डोंगर चढायला चांगले बूट घेतले, दोन मोहिमांत वापरले आणि "हे खास कामाला" म्हणून खोक्यात बंद केले. सहा वर्षांनी काढले तर अगदी नव्यासारखे. सकाळी निघालो आणि दुपारपर्यंत एका बुटाचा तळ केकसारखा तुटून वाटेत पडला. उतरताना दुसऱ्याचाही. मोज्यांवरून नाडी गुंडाळून कसाबसा खाली आलो.

मागाहून कळलं की पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून विरत जातो, वापरा किंवा न वापरा. बंद खोक्यात दमट हवा कोंडली तर आणखीच लवकर. म्हणजे मी जपून ठेवले आणि तसेच घालवले. आता जुना जोड घालण्याआधी तळ अंगठ्याने जोरात दाबून बघतो. चिरा दिसल्या किंवा भुगा आला तर संपलं.

———

वरच्यांना सहानुभूती. मी भिजलेले चामड्याचे बूट हीटरला टेकवून वाळवले होते, एका रात्रीत भेगा. आता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते, ओले झाले की बदलते आणि सावलीत ठेवते. एकच जोड रोज घालत नाही, घामाचा ओलावा सुकायला निदान एक दिवस मधे हवाच. टाचेचं रबर झिजून आतल्या थरापर्यंत जायच्या आधी मोच्याकडे नेते; तेवढ्याने दोन जोड कितीतरी वर्षं चालले. आणि नाडी न सोडता पाय कोंबणाऱ्या आमच्या चिरंजीवांसाठी दाराशी शू हॉर्न (टाच बुटात सरकवायची पट्टी) टांगलाय. टाचेमागचा कडक भाग एकदा चेपला की पुन्हा उभा राहत नाही.

———

धावणाऱ्यांसाठी: वरून बूट कोरा दिसला तरी आतला फोम दबलेला असतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलतात, मी घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या (नाडीखालच्या पट्टीच्या) आत लिहून ठेवतो. टाच निसटत असेल तर घोट्याजवळचं ते रिकामं शेवटचं भोक वापरा. नाडी तिथून आत घालून लहानसा फासा करायचा, समोरच्या बाजूचं टोक त्यातून ओवायचं आणि मग बांधायचं. माझा एक जोड त्यावरच वाचला.

———

फाशाची युक्ती टाच निसटणाऱ्या जोडावर करून बघितली. जमली! म्हणजे घालण्याजोगे आता दोन.

तेवढ्याच उत्साहात ते पाच वर्षं पडलेले बूट काढले आणि तळ अंगठ्याने दाबला. लादी आत्ताच झाडून आलो.