पासकी सुरू केल्यावर फोन बदललेल्या सभासदांचे काय करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे तांत्रिक काम मी पाहतो. पुस्तक राखून ठेवण्यासाठी आणि वर्गणी भरण्यासाठी सभासद सध्या एसएमएसने येणाऱ्या ओटीपीने लॉगिन करतात. बनावट पानावर ओटीपी भरून फसण्याचा धोका टळावा, म्हणून कार्यकारी मंडळाने आता पासकी (ओटीपीऐवजी फोनमधील गुप्त किल्लीने होणारे लॉगिन) आणण्याचे ठरवले आहे.

चाचणी सुरळीत झाली. सर्व्हर दरवेळी नवे चॅलेंज (सही करण्यासाठीची यादृच्छिक अक्षरमाला) पाठवतो, फोन बोटाचा ठसा किंवा पिन घेऊन सभासदाकडेच राहणाऱ्या खासगी किल्लीने त्यावर सही करतो आणि तिच्या जोडीच्या, आमच्याकडील सार्वजनिक किल्लीने आम्ही ती पडताळतो. पासकी डोमेनशी (संकेतस्थळाच्या पत्त्याशी) बांधलेली असल्यामुळे दुसऱ्या पत्त्यावरील हुबेहूब पानावर ती चालत नाही, हेही पाहिले.

अडचण पुढेच आहे. फोन हरवला तरी पासकी गूगल खात्यातून किंवा आयक्लाउड कीचेनमधून (ॲपलच्या पासवर्ड-साठ्यातून) नव्या फोनवर येते, असे बहुतेक मार्गदर्शनात गृहीत धरलेले असते. आमच्या अनेक ज्येष्ठ सभासदांचे गूगल खाते मात्र मोबाइलच्या दुकानदाराने फोन विकतानाच उघडून दिलेले आहे. त्याचा पासवर्ड आज कोणालाच ठाऊक नाही आणि फोन बदलला की सरळ नवे खाते उघडले जाते. अशांसाठी ओटीपीची सोय कायम ठेवली, तर फसवणूक करणारा पासकीच्या वाटेला न जाता तिथूनच शिरेल, मग हा खटाटोप कशासाठी?

माझा विचार असा आहे की, ग्रंथपालांनी सभासदपत्र पाहून आपल्या पडद्यावर एकदाच चालणारा, दहा मिनिटांत बाद होणारा क्यूआर कोड दाखवावा आणि सभासदाने तो नव्या फोनने स्कॅन करून तिथेच पासकी नोंदवावी. मात्र त्याच वेळी जुनी सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरून काढून टाकावी का? हरवलेल्या फोनच्या बाबतीत उत्तर उघड आहे, पण जुना फोन बहुधा घरातच नातवाकडे जातो आणि आजोबा अधूनमधून तोही वापरतात.

शिवाय एकाच फोनवर सासू-सुनेची स्वतंत्र सभासदत्वे असली, तर पासकी निवडताना आडनावे सारखीच दिसतात. तिथे नावासोबत सभासद क्रमांक दाखवणे योग्य ठरेल का?

मुलांकडे परगावी राहायला गेलेल्या सभासदांना वाचनालयात येणे शक्य नसते. त्यांची ओळख ओटीपीशिवाय कशी पटवावी, हे कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. आमचे संकेतस्थळ पीएचपीमध्ये असून साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालते.